लायब्ररींतला थांबा

गेल्या दोन अंकांत प्रोग्राम म्हणजे काय व तो लिहितात कसा, ह्याविषयीं थोडें विवेचन केलें. तो चुकला म्हणजे चूक शोधावयाची कशी, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येणारच होता. प्रोग्राम लिहिणारीं मुलें आतां पुष्कळ घरांत आहेत. माजघरांतील सर्व दिवे मालवले तरी एका खोलींत उजेड असतो, आणि मधूनच 'अरे, हा थांबतच नाहीं!' असा उद्गार ऐकूं येतो. वडील माणसांस वाटतें, मुलाचें यंत्र बिघडलें. वस्तुतः यंत्र उत्तम चाललें असतें; तक्रार नेमकी तीच असते.

प्रोग्राम चालत असतां त्याला ठरलेल्या जागीं उभा करणें, त्या क्षणीं त्याच्या पोटांत कोणकोणते आंकडे आहेत तें पाहणें, आणि मग एकेक पाऊल पुढें चालविणें, हें काम ज्या साधनानें होतें त्याला डीबगर म्हणतात. उभा करण्याची जागा म्हणजे ब्रेकपॉइंट. ह्या लेखापुरतें आपण त्याला 'थांबा' म्हणूं. अमेरिकेंतील एनिॲक ह्या यंत्रावर, म्हणजे १९४६ च्या सुमारास, गणिताचा क्रम तारा जोडून ठरवीत असत. एखादी तार उपसली कीं गणित त्या ठिकाणीं थांबे. ह्या युक्तीचें श्रेय त्या यंत्रावर काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन ह्या विदुषीस देतात. आज तार उपसावी लागत नाहीं. परंतु मूळ कल्पना तीच आहे.

आज ती अमलांत कशी आणतात हें पाहण्यासारखें आहे. आपल्या घरांतील बहुतेक संगणकांत इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसर असतो. त्याला समजणाऱ्या आज्ञा म्हणजे नुसते आंकडे. त्यांत २०४ ह्या आंकड्याचा अर्थ 'येथें थांब व वर्दी दे' असा ठरविलेला आहे. तुम्हीं अमुक जागीं थांबा मागितला, कीं डीबगर त्या जागेवरील आज्ञेचा पहिला आंकडा उचलून आपल्याजवळ ठेवतो आणि तेथें २०४ लिहितो. प्रोग्राम धांवत धांवत तेथें आला, कीं त्याचें नियंत्रण डीबगरकडे येतें. पुढें जा म्हटलें, कीं डीबगर मूळ आंकडा परत ठेवतो, एकच आज्ञा चालवितो, आणि लगेच पुन्हां २०४ लिहून मोकळा होतो. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. थांबा लिहावयाचा तर जागा अगोदर अस्तित्वांत पाहिजे. जी आज्ञा संगणकाच्या स्मरणांत अद्याप आलेलीच नाहीं, तिच्यावर २०४ कोठें लिहिणार?

आतां दुसरी अडचण. मुलगा लिहितो तीं वाक्यें निराळीं, आणि यंत्र चालवितें ते आंकडे निराळे. वेदाध्ययन केलेल्या वाचकांस सांगावयास नको कीं संहितेंत शब्द संधीनें एकमेकांत मिसळून गेलेले असतात आणि पदपाठांत ते सुटे मांडलेले असतात. यंत्रापुढें असते ती संहिता. प्रोग्राम लिहिणाऱ्याजवळ असतो तो पदपाठ. ह्या दोहोंचा मेळ घालणारी एक सूची कंपायलर हवी तर तयार करून देतो. मूळ मजकुराची अमुकावी ओळ आंकड्यांच्या अमुक जागेपासून सुरू होते, अमुक चलाची किंमत अमुक ठिकाणीं सांपडेल, इत्यादि माहिती तींत असते. कंपायलरला आज्ञा देतांना 'वजा जी' हीं दोन अक्षरें जोडलीं तरच ही सूची मिळते. न जोडलीं तर नाहीं. ही सूची वाचून ज्याला मूळ मजकुराच्या भाषेंत बोलतां येतें, तो सोर्स-लेव्हल डीबगर. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८६ सालीं लिहिलेला जीडीबी हा त्यांतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध, आणि आजही तो नित्य वापरांत आहे. सूची नसेल तर जीडीबी मुका होत नाहीं, पण मग तो संहितेंतच बोलतो. आणि पुष्कळांस तें मुकेपणासारखेंच वाटतें.

आतां मुख्य विषय. कोणीही प्रोग्राम संपूर्ण स्वतः लिहीत नाहीं. वारंवार लागणारीं कामें दुसऱ्यांनीं लिहून ठेवलेलीं असतात. त्यांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी बहुधा आपल्या प्रोग्रामच्या फायलींत नसतेच. प्रयोगाच्या पोथ्यांत मंत्राचें नुसतें प्रतीक दिलेलें असतें. पुढचा मंत्र भटजींनीं मुखोद्गत म्हणावयाचा. त्याचप्रमाणें प्रोग्रामच्या फायलींत फंक्शनचें नुसतें नांव असतें, आणि प्रोग्राम सुरू होतांना लोडर नांवाचा एक सेवक ती लायब्ररी शोधून आणून स्मरणांत भरतो. भटजी दुसऱ्या शाखेचे निघाले तर प्रतीक तेंच, पण पाठ त्यांच्या शाखेचा. हा प्रकारही येथें होतो, आणि तो कसा, हें आमच्याच घरच्या एका प्रकरणावरून सांगतों.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुनः छापावयाचें ठरलें. माझा पुतण्या इंजिनिअर आहे. त्यानें सातआठशें नोंदी एकत्र करून त्यांचीं पानें जुळविणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. अक्षरें जुळविण्याचें काम त्यानें हार्फबझ ह्या लायब्ररीवर सोंपविलें होतें. ती सर्वांस मुक्तपणें वापरतां येते व तिचा मूळ मजकूरही वाचतां येतो. फायरफॉक्स, क्रोम, लिबर-ऑफिस हीं सर्व तीच वापरतात. नांव फारशीवरून घेतलेलें आहे. हर्फ म्हणजे अक्षर, हें आपल्याकडील जुन्या लोकांस ठाऊकच आहे. देवनागरींत लिहितांना व्यंजनानंतर येणारी ऱ्हस्व इकाराची वेलांटी आधीं काढावी लागते. रकार आधीं उच्चारला तरी रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. हें पुढचें मागें करण्याचें काम ही लायब्ररी करते.

मुद्रितें तपासण्याचें काम माझ्याकडे होतें. एका पानावर मला असें आढळलें कीं आमच्या एका पूर्वजांनीं 'काशीस बारा वर्षें आचार्याचें काम केलें'. मी थबकलों. जुन्या आवृत्तींत ती ओळ 'आचाऱ्याचें काम' अशी आहे. हा आडवा रकार संस्कृतास लागत नाहीं, मराठीस लागतो. आणि तो रफार झाला कीं स्वयंपाकघरांतील मनुष्य व्यासपीठावर जाऊन बसतो. ह्या गृहस्थांनीं परमुलखांत चुलीपुढें बसून दोन धाकट्या भावांच्या शिक्षणाचा खर्च केला, हें आमच्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ती हकीकत एका रफारानें पुसली जात होती. छापखान्याची मुदत आठ दिवसांवर होती. गंमत अशी कीं दुसऱ्या कांहीं नोंदींत हाच आडवा रकार बिनचूक उमटला होता.

"काका, माझ्या प्रोग्रामांत अक्षरांना मी हातच लावीत नाहीं. दोष त्या लायब्ररीचा असणार," पुतण्या म्हणाला.

"मग ती काय करते तें पाहा," मी म्हणालों, "तोंवर दोष कोणाच्या माथीं मारूं नकोस."

तो डीबगर घेऊन बसला व मी शेजारीं. व्यंजनाचें अक्षर मागेंपुढें करणारें जें आंतील फंक्शन त्या लायब्ररींत आहे, त्याचें नांव 'इनिशियल रीऑर्डरिंग कॉन्सोनंट सिलेबल' असें लांबलचक आहे. तेथें थांबा मागितला. जीडीबीनें उत्तर दिलें तें सारांशानें असें: ह्या नांवाचें फंक्शन नाहीं, पुढें एखादी लायब्ररी भरली गेली तर तिच्यांत पाहूं काय? ह्या प्रश्नानें नवशिक्यांनीं बिचकण्याचें कारण नाहीं. प्रोग्राम सुरू झालेला नाहीं, लायब्ररी आलेली नाहीं, तेव्हां जीडीबीस ती ठाऊक नसणें साहजिक आहे. होय म्हणावें. त्यानें होय म्हटलें व प्रोग्राम सोडला. पान छापून झालें, प्रोग्राम संपला; थांबला कोठेंच नाहीं.

अशा वेळीं दहा ठिकाणीं दहा थांबे लावीत सुटण्याची मुलांस संवय असते. ती वाईट. 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' ही आज्ञा देऊन आपला थांबा कोणत्या स्थितींत आहे तें आधीं वाचावें. थांबा अजून 'पेंडिंग' म्हणजे टांगलेला असेल, तर जागाच सांपडलेली नाहीं. पत्ता दिसत असून एकदांही थांबल्याची नोंद नसेल, तर जागा सांपडली पण प्रोग्राम तिकडे फिरकलाच नाहीं. हे दोन निराळे रोग आहेत आणि त्यांचीं औषधें निराळीं. आमचा थांबा टांगलेला होता.

लायब्ररी भरली गेली तरी नांव कां सांपडूं नये? 'इन्फो शेअर्डलायब्ररी' ह्या आज्ञेनें भरलेल्या सर्व लायब्रऱ्यांची यादी मिळते. तींत हार्फबझच्या नांवापुढें तारका होती. तारकेचा अर्थ, हिची सूची नाहीं. लिनक्सचे वाटपकर्ते लायब्ररी देतांना जागा वांचविण्यासाठीं ही सूची काढून घेतात. मागें उरतात तीं फक्त बाहेरच्यांनीं हांक मारण्याचीं नांवें. घरांतील माणसें एकमेकांस ज्या नांवांनीं हांका मारतात तीं दारावरच्या पाटीवर नसतात. तसें हें आंतील फंक्शन पाटीवर नव्हतें. जीडीबीनें शोधलें, मिळालें नाहीं, व तो मुकाट्यानें वाट पाहत राहिला.

काढून घेतलेली सूची नष्ट होत नाहीं. ती निराळ्या फाईलींत ठेवलेली असते. लायब्ररी आणि तिची सूची ह्यांची गांठ चुकूं नये म्हणून दोहोंवर एकच खूण कोरलेली असते. तिला बिल्ड-आयडी म्हणतात. २०१९ पासून डीबगइन्फोडी नांवाची एक सोय झाली आहे; तिच्यायोगें जीडीबी ही खूण दाखवून सूची जाळ्यावरून आपण होऊन मागवूं शकतो. सूची मिळाली तरी तिच्यांत मूळ मजकुराच्या फाईलीचा जो मार्ग लिहिलेला असतो तो ज्या यंत्रावर लायब्ररी घडली तेथचा असतो, आपल्या घरचा नव्हे. तो बदलून सांगण्यासाठीं 'सेट सब्स्टिट्यूट-पाथ' ही आज्ञा आहे.

पुतण्यानें हा मार्ग न घेतां लायब्ररीचा मूळ मजकूर आणून ती स्वतःच, सूचीसकट, घडविली. पुन्हां थांबा, पुन्हां होय, पुन्हां तेंच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते व घरांतून दोनदां विचारणा होऊन गेली होती. मीं त्याला यादी परत पाहावयास सांगितलें. लायब्ररीच्या नांवापुढें तारका तशीच होती, आणि मार्गही सार्वजनिक कपाटाचा होता, त्याच्या खोलींतील नव्हता. लोडरनें आपल्या नेहमींच्या ठिकाणची, त्याच नांवाची, जुनी लायब्ररी उचलली होती. दुसऱ्या शाखेचे भटजी म्हटले ते हे! 'एलडी लायब्ररी पाथ' ह्या नांवानें लोडरला आपलें कपाट आधीं पाहावयास सांगतां येतें. तसें सांगितलें, आणि प्रोग्राम त्या लांब नांवाच्या फंक्शनाच्या पहिल्याच ओळीवर येऊन उभा राहिला.

पण मौज पाहा. येथें उभें राहून दिसलें काय? अक्षरांच्या जागीं भलतेच आंकडे. युनिकोडांत र म्हणजे २३५२, हलन्ताचें चिन्ह २३८१, य म्हणजे २३५१. त्यांतला एकही तेथें नव्हता. कारण ह्या आंतील खोलींत अक्षर पोहोंचेपर्यंत त्याचें रूपांतर टंकांतील आकृतीच्या क्रमांकांत झालेलें असतें. आलेला पाहुणा कोण हें पाहावयाचें तर उंबऱ्यावरच पाहिलें पाहिजे. तो उंबरा म्हणजे 'एचबी शेप' हें फंक्शन, आणि तें तर पाटीवरचें नांव! तेथील थांबा सूची नसलेल्या लायब्ररींतही लागला असता. मात्र सूचीवांचून आंतील सामान उलगडून दाखवितां आलें नसतें, म्हणून केलेले श्रम अगदींच वायां गेले असें मी म्हणणार नाहीं.

दुसरें एक मीं सुचविलें. सातआठशें नोंदी घालून प्रोग्राम चालविला तर थांबा हजारों वेळां लागेल. म्हणून 'आचाऱ्याचें' हा एकच शब्द असलेली फाईल करावी. शाळेंत उदाहरण चुकलें तर आम्ही आंकडे लहान करून तेंच उदाहरण परत घालीत असूं. तसें केलें. उंबऱ्यावर अक्षरें आलीं तीं अशीं: २३५२, २३८१, २३५१. आडव्या रकारासाठीं ह्यांतील दुसऱ्या व तिसऱ्या आंकड्यांच्या मध्यें ८२०५ हवा होता. हें एक अदृश्य चिन्ह आहे. तें स्वतः छापलें जात नाहीं, पण रफार न होऊं देण्याचें काम करतें. तें लायब्ररीच्या दारीं आलेंच नव्हतें. जें तिला मिळालें, त्याचा तिनें केलेला रफार अगदीं शास्त्रशुद्ध होता.

'बॅकट्रेस' ही आज्ञा कोणी कोणाला हांक मारली त्याची परंपरा सांगते. 'अप' म्हटलें कीं हांक मारणाऱ्याकडे जातां येतें. दोन पायऱ्या वर पुतण्याचें स्वतःचें एक चिमुकलें फंक्शन निघालें. नातेवाइकांनीं मोबाइलवरून पाठविलेल्या मजकुरांत नाना प्रकारचीं अदृश्य चिन्हें येत, तीं झाडून टाकण्यासाठीं त्यानें तें महिन्यापूर्वीं लिहिलें होतें व पार विसरला होता. केराबरोबर ८२०५ ही बाहेर जात होतें. ज्या नोंदी बिनचूक उमटल्या त्यांत मूळ टंकणाऱ्यानें नुक्त्याचा ऱ, म्हणजे २३५३, वापरलेला होता. त्याला हें चिन्ह लागत नाहीं. ८२०५ आणि त्याचा सोबती ८२०४ ह्या दोघांस केरसुणींतून वगळलें, आणि पूर्वज चुलीपुढें परत आले.

घरांतील एका वयोवृद्ध गृहस्थांस मीं ही हकीकत सांगितली तेव्हां ते म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला केलात? आचार्य होतें तेंच वाचावयास बरें दिसत होतें. कोणास कळणार आहे?" त्यांच्याशीं माझा बराच वाद झाला. जो मनुष्य बारा वर्षें परक्या घरीं रांधून भावांस पदवीधर करतो, त्याची लाज वाटण्याचें कारण मला तरी दिसत नाहीं. शेवटीं वहिनींनीं निकाल दिला कीं नोंद आहे तशीच छापावी व त्यांच्या हातच्या आमटीची जी ख्याति घरांत सांगतात तीही एका ओळींत घालावी. त्याप्रमाणें छापलें आहे.

आतां जीं कारणें आमच्या प्रकरणांत आलीं नाहींत त्यांचा थोडक्यांत निर्देश करतों. थांब्याला जागा सांपडली असून प्रोग्राम थांबत नसेल, तर बहुधा कंपायलरचा काटकसरीपणा कारण असतो. वेग वाढविण्यास सांगितलें, कीं लहान फंक्शन तो हांक मारणाऱ्याच्याच पोटांत विरघळवून टाकतो. मग स्वतंत्र जागा उरत नाहीं. सूची असेल तर जीडीबी अशा ठिकाणीं एका थांब्याच्या दोनचार जागा करतो. नसेल तर कांहीं करूं शकत नाहीं. शब्दाची लांबी मोजणाऱ्या 'स्ट्रलेन' सारख्या फंक्शनाचें उत्तर कंपायलर कित्येकदां आधींच काढून ठेवतो व हांक मारीतच नाहीं. तेथें थांबा लावून रात्र घालविणाऱ्यांविषयीं मला मनापासून कींव येते. चूक शोधावयाची असेल तोंवर ही काटकसर बंद ठेवावी हें उत्तम.

थांबा लागतो, पण 'स्टेप' म्हणून आंत शिरावें तर जीडीबी लायब्ररी ओलांडून सरळ पलीकडे जातो, अशीही तक्रार ऐकूं येते. सूची नसलेल्या फंक्शनांत 'स्टेप' शिरत नाहीं, असा त्याचा नेमच आहे, बिघाड नव्हे. आणि जे नांवाऐवजीं पत्त्याचा आंकडा देऊन, प्रोग्राम सुरू होण्यापूर्वींच थांबा लावतात, त्यांस 'त्या पत्त्यावरील स्मरण वाचतां येत नाहीं' असें उत्तर मिळतें. फायलींतील पत्ता आणि प्रोग्राम प्रत्यक्ष भरल्यावरचा पत्ता आजकाल एक नसतात. आधीं 'स्टार्ट' म्हणून प्रोग्राम मुख्य दाराशीं उभा करावा, आणि मग पत्ता विचारावा.

राहिला एक प्रकार. प्रोग्राम चालतां चालतां स्वतःसारखाच दुसरा निर्माण करतो व काम त्याच्याकडे सोंपवितो. जीडीबी मात्र सांगितल्यावांचून मूळच्याजवळच बसून राहतो, आणि मुलगा बिनथांब्याचा पुढें निघून जातो. 'फॉलो-फोर्क-मोड' ह्या आज्ञेनें त्याला मुलामागें जावयास सांगतां येतें. बापलेक दोघांवरही एकाच वेळीं नजर कशी ठेवावी, हें पुढील अंकीं पाहूं.